रावेरला कोणतं स्टेशन लागतं? रेडिओची यादी, तापीचं खोरं आणि डिजिटलची कडा

(या भागाची ही लिखित प्रत. बोलण्याच्या ओघातले काही शब्द तसेच ठेवलेत. ऐकताना आकडे निसटले असतील तर इथे निवांत वाचा.)

मागच्या भागात मी बोलता बोलता म्हणालो होतो की रेडिओसुद्धा आता डिजिटल होतोय. त्यावर बरेच मेसेज आले आणि बहुतेकांचा प्रश्न एकच होता: "आपल्याकडे लागतो का?"

हा "लागतो का" मला फार आवडला. इंग्रजीत रिसेप्शन म्हणतात, सरकारी मराठीत ग्रहण किंवा प्रक्षेपण क्षेत्र म्हणतात. आपण म्हणतो स्टेशन लागलं. जसा फोन लागतो, गाडी फलाटाला लागते, तसंच. स्टेशन लागणं म्हणजे लांबून निघालेलं काहीतरी आपल्या दारापर्यंत येऊन पोचणं. ते पोचेल की नाही, हे कागदावरच्या यादीत कधीच पूर्ण लिहिलेलं नसतं.

आजचा भाग त्याच प्रश्नाचा इतिहास आहे. गाव रावेर, माझंच. जिल्हा जळगाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मधे केळी. पूर्वेला २०-२२ किलोमीटरवर बऱ्हाणपूर, म्हणजे दुसरं राज्य. रेडिओच्या नकाशात असं कडेवरचं गाव फार काही शिकवून जातं. कसं ते बघू.

आधी यादी आली, आवाज नंतर

२३ जुलै १९२७. मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. ट्रान्समीटर होता दीड किलोवॅटचा. आज आपल्या घरातला पाणी तापवायचा गीझर दोन किलोवॅटचा असतो, त्यावरून अंदाज करा. दिवसा हा आवाज जेमतेम तीस मैल जायचा. रावेर मुंबईपासून सरळ रेषेत ४०० किलोमीटरवर. म्हणजे प्रश्नच मिटला.

गंमत बघा, केंद्र सुरू होण्याच्या आठवडाभर आधी कार्यक्रमांचं पाक्षिक सुरू झालं होतं, 'इंडियन रेडिओ टाइम्स'. त्याचंच पुढे १९३५च्या शेवटी 'इंडियन लिसनर' झालं आणि १९५८मध्ये 'आकाशवाणी'. कोणतं केंद्र, किती मीटरवर, किती वाजता, काय, असं सगळं त्यात छापलेलं असायचं. टपालाने हे पाक्षिक रावेरला येऊ शकत होतं, आवाज येऊ शकत नव्हता. यादी आणि लहर यांच्यातलं हे अंतर पहिल्या दिवसापासूनचं आहे.

१९३० साली ती कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारकडे आलं. ८ जून १९३६ला त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आपल्या शेजारी फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. देशाचं राजकारण खेड्यात यायला निघालं होतं. रेडिओ मात्र अजून शहरातच होता. १९३७-३८मध्ये शॉर्टवेव्हचे, म्हणजे लघुलहरींचे ट्रान्समीटर उभे राहिले, तेव्हा पहिल्यांदा दिल्ली-मुंबईचा आवाज लांबच्या तालुक्यांपर्यंत पोचायची शक्यता तयार झाली. पण त्यासाठी सेट पाहिजे, सेटला वीज किंवा मोठी बॅटरी पाहिजे, आणि वर पोस्टात जाऊन परवाना काढायला पाहिजे. हो, रेडिओ ऐकायला परवाना लागायचा! पैसे भरायचे, पुस्तकावर नोंद करून घ्यायची. ही पद्धत १९८०च्या दशकापर्यंत टिकली.

१९५६ची एक यादी, जिच्यात आपण नव्हतो

पुण्याचं केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला सुरू झालं. त्यानंतर तीनच वर्षांनी त्या केंद्रावर एक प्रयोग झाला, ज्याची जगभर चर्चा झाली. युनेस्कोच्या मदतीने १५० गावांत शेतकऱ्यांचे श्रोतेगट बांधले. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात अर्ध्या तासाचे २० कार्यक्रम झाले. गावकरी एकत्र बसून ऐकायचे, नंतर चर्चा करायचे, प्रश्न लिहून केंद्राला पाठवायचे, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूराथ या अभ्यासकाने याचा अहवाल लिहिला. पुढे १९५९पासून ही कल्पना देशभर नेली गेली.

जिल्हे कोणते होते? पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा, कोल्हापूर. नाशिकपर्यंत यादी आली आणि थांबली. खानदेश पुढचाच, पण बाहेर.

यात कोणाचा कट वगैरे काही नव्हता. प्रयोग पुणे केंद्राचा होता, गावं त्याच्या आवाक्यातलीच घेणार. पण परिणाम काय होतो ते लक्षात घ्या. ज्याच्याकडे स्टेशन लागतं, त्याचा प्रश्न स्टेशनपर्यंत जातो. ज्याच्याकडे लागत नाही, त्याचा प्रश्नही कोणाला ऐकू येत नाही. हा धागा धरून ठेवा, शेवटी लागेल.

दिवसा इंदूर, रात्री सिलोन

मग रावेरवाले ऐकायचे तरी काय? जे लागेल ते!

इथे थोडं विज्ञान, पण सोपं. जुना रेडिओ म्हणजे मुख्यतः मिडियम वेव्ह, मध्यम लहरी. या लहरी दिवसा जमिनीला धरून चालतात. जमीन कशी आहे यावर त्या किती लांब जातील हे ठरतं. खडकाळ, कोरड्या जमिनीत लहर लवकर मरते. ओलावा धरणाऱ्या काळ्या जमिनीत लांब जाते, कारण अशा जमिनीतून वीज बरी वाहते. तापीकाठची जी गाळाची काळी माती केळी पोसते, तीच मध्यम लहरीलाही हात देते. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मजा वाटली होती.

रात्री खेळ बदलतो. आपल्या डोक्यावर, वातावरणाच्या अगदी वरच्या भागात, विद्युतभारित थर असतात. सगळ्यात खालचा थर दिवसा उन्हामुळे तयार होतो आणि वर जाणाऱ्या मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी आणखी वरच्या थरापर्यंत जातात आणि तिथून परत खाली फेकल्या जातात, शेकडो किलोमीटर लांब. म्हणून दिवसा जिथे नुसती खरखर, तिथे रात्री नऊला अचानक कुठलंतरी लांबचं केंद्र स्पष्ट लागतं.

आता अंतरं सांगतो, सगळी रावेरपासून सरळ रेषेत, साधारण. नागपूर ३१५ किलोमीटर. पुणे ३७५. मुंबई ४००. आणि इंदूर? १६५. सातपुडा ओलांडला, नर्मदा ओलांडली की आलंच. इंदूर केंद्र १९५५चं. पुढे ते ६४८ किलोहर्ट्झवर २०० किलोवॅटने बोलायचं. त्यामुळे राज्य महाराष्ट्र, भाषा मराठी, पण भरदुपारी घरात हिंदी आणि मधेच माळवी बोली. आमच्याकडे आजोबांच्या पिढीला यात काही विचित्र वाटायचं नाही. तसंही केळीच्या भावासाठी नजर बऱ्हाणपूरकडे असतेच, पाहुणेही दोन्ही बाजूंना. राज्याची सीमा माणसाला कळते, लहरीला कळत नाही.

आणि रात्री सिलोन. १९५२मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले, मूळचे पुण्याचे. त्यांच्या काळात आकाशवाणीवर सिनेसंगीताला कात्री लागली, शास्त्रीय संगीताचा आग्रह वाढला. त्याच वर्षी ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, निवेदक अमीन सयानी. कोलंबोहून शॉर्टवेव्हवर निघालेली हिंदी गाणी थेट सातपुड्याच्या पायथ्याशी! छपराखाली तारेच्या जाळीची पट्टी एरियल म्हणून बांधायची, काटा केसभर इकडे-तिकडे करायचा आणि ओरडायचं, "लागलं रे भो, लागलं!" सरकारला हे कळत होतंच. ३ ऑक्टोबर १९५७ला विविध भारती सुरू झाली, ती सिलोनकडे गेलेले कान परत आणायला.

म्हणजे बघा, दिल्लीत बसून बनवलेली "भागवार केंद्रांची यादी" एक सांगत होती आणि रावेरचे कान दुसरंच. यादीप्रमाणे आम्ही मुंबईचे श्रोते. प्रत्यक्षात इंदूर आणि कोलंबोचे.

जळगाव, ९६३

१९७०च्या दशकात जळगावला आकाशवाणी केंद्र आलं आणि चित्र पालटलं. ९६३ किलोहर्ट्झ, २० किलोवॅट. मुंबईच्या १०० किलोवॅटपुढे छोटं, पण अंतर किती? रावेरपासून फक्त ५५ किलोमीटर सरळ रेषेत, मधे सपाट काळं खोरं. खणखणीत लागणार! पहिल्यांदा आपल्या बाजूचं हवामान, आपल्या पिकांवरचा सल्ला, आपल्याच भागातले आवाज रेडिओवर आले. शेतात केळीच्या खोडाला ट्रान्झिस्टर टांगून काम करणारी माणसं मी लहानपणी पाहिलीत. इंदूर लागणं वेगळं आणि आपलं लागणं वेगळं.

आता एक करून बघा. हे आकडे मनातल्या मनात घ्या: जळगाव ९६३, मुंबई ५५८ आणि १०४४, पुणे ७९२, नागपूर ५८५, परभणी १३०५, इंदूर ६४८. प्रत्येकातल्या अंकांची बेरीज करा. ९ अधिक ६ अधिक ३, झाले १८. ५५८चे १८. १०४४चे ९. ७९२चे १८. सगळ्यांची बेरीज ९ किंवा १८!

योगायोग नाही. नऊने भाग जाणाऱ्या संख्येची अंकबेरीज नवाच्या पटीत येते, शाळेतला नियम. १९७५मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची परिषद झाली. युरोप, आफ्रिका, आशिया मिळून ठरवलं की मिडियम वेव्हची स्टेशनं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवायची, म्हणजे एकमेकांच्या अंगावर पडणार नाहीत. २३ नोव्हेंबर १९७८पासून हे लागू झालं. म्हणजे खानदेशातल्या एका केंद्राचा आकडासुद्धा जगभराच्या एका वाटणीतला वाटा आहे. स्टेशनांची यादी म्हणजे एका अर्थाने सातबाराच समजा. हवेतली जमीन, कोणाच्या नावावर किती.

याच काळातला आणखी एक मोठा खेळाडू म्हणजे नागपूर. १८ मे १९८८ला तिथून राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, १५६६ किलोहर्ट्झ, तब्बल १००० किलोवॅट. (१५६६ची बेरीज करा, तुम्हाला कळेलच.) ती रात्रीची वाहिनी होती, आणि रात्रच का ते आता तुम्हाला माहीत आहे. देशाच्या मध्यावरून फेकलेली लहर रात्री चारी बाजूंना पोचते.

एफएम: आवाज स्वच्छ, पण नजरेपुरता

मग एफएम आलं. आवाज स्वच्छ, वीज कडाडली तरी खरखर नाही. पण एफएमची लहर मध्यम लहरीसारखी जमिनीला धरून चालत नाही आणि रात्री वरून परतही येत नाही. ती साधारण नजरेसारखी सरळ जाते. मनोरा जितका उंच आणि तुमची अँटेना जितकी उंच, तितकं अंतर.

हिशेब सोपा आहे. मनोऱ्याच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, अँटेनाच्या उंचीचं काढा, बेरीज करा आणि ४.१२ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये. समजा मनोरा १०० मीटर आणि फोन तुमच्या हातात, दीड मीटरवर. उत्तर ४६ किलोमीटर. तीच अँटेना गच्चीवर काठी लावून १० मीटरवर नेली तर ५४ किलोमीटर.

जळगाव ते रावेर किती सांगितलं होतं? ५५.

म्हणजे असा मनोरा जळगावात असेल तर रावेर बरोब्बर रेषेवर येतं. भुसावळला मस्त, सावद्याला ठीक, रावेरला कधी हो कधी नाही, आणि सातपुड्यात पालच्या बाजूला डोंगराआड गेलात की विसरा. ही रेषा काही भिंत नाही हं. तिच्यापलीकडेही एफएम हळूहळू विरत जातं, एकदम संपत नाही. खरखर वाढते, पण शब्द कळतात.

खाजगी एफएमच्या लिलावांच्या यादीत पुढे जळगाव आणि धुळ्याचीही नावं आली. तो परवाना मिळतो शहराच्या नावाने. म्हणून यादीत "जळगाव" लिहिलेलं असतं तेव्हा ते जळगाव शहर असतं. आपण वाचतो जळगाव जिल्हा आणि मग म्हणतो, "यादीत तर आहे, मग लागत का नाही?" यादी वाचायची पहिली युक्ती हीच: नाव शहराचं आहे की जिल्ह्याचं, ते आधी बघा. मग किलोवॅट बघा, मग अंतर, मग मधे डोंगर आहे का ते.

आता डिजिटल. आणि कडा.

आकाशवाणीने डिजिटलसाठी जी पद्धत निवडली तिचं नाव डीआरएम, म्हणजे डिजिटल रेडिओ मोंडियाल. मोंडियाल हा फ्रेंच शब्द, अर्थ जागतिक. २००९मध्ये दिल्लीजवळच्या खामपूरहून शॉर्टवेव्हवर सुरुवात झाली आणि नंतर देशभरात मिडियम वेव्हचे ३५ ट्रान्समीटर डीआरएमचे बसवले गेले. आपल्या राज्यात मुंबई आणि पुण्याला ते आले.

तंत्र काय आहे? जुन्या पद्धतीत आवाजाची लहर जशीच्या तशी वाहक लहरीवर बसते. डिजिटलमध्ये आवाजाचे आधी आकडे होतात, ते आकडे शेकडो बारीक लहरींवर वाटून पाठवतात आणि तुमचा सेट ते गोळा करून पुन्हा आवाज बनवतो. काही आकडे वाटेत हरवले तरी बाकीच्यांवरून हिशेब जुळवता येतो. फायदे खरे आहेत. मिडियम वेव्हवर एफएमसारखा आवाज. एकाच जागेत एकापेक्षा जास्त कार्यक्रम. सेटच्या पडद्यावर केंद्राचं नाव आणि मजकूर. दुसऱ्या कोणत्या फ्रिक्वेन्सीवर हेच केंद्र मिळेल, याची माहितीही सिग्नलमध्येच. म्हणजे यादी आता पाक्षिकात छापायची गरज नाही, ती लहरीबरोबरच येते! आणि आपत्तीच्या वेळी सेट आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीवर जाईल अशीही सोय त्यात आहे.

मग अडचण कुठे आहे? दोन ठिकाणी.

पहिली, सेट. डीआरएमचा रेडिओ महाग आहे आणि रावेरच्या बाजारात तुम्हाला तो काउंटरवर दिसणार नाही. देशातल्या लाखो नव्या गाड्यांमध्ये मात्र तो आधीच बसवलेला आहे. म्हणजे डिजिटल रेडिओ कारमध्ये आहे, केळीच्या बागेत नाही.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. जुनं स्टेशन लांब गेलं की खरखरत जातं. दहा शब्दांतले सात कळतात, मग पाच, मग तीन. डिजिटलमध्ये असं नसतं. आकडे पुरेसे पोचले तर आवाज एकदम स्वच्छ. थोडे कमी पडले तर तुटक, आणि त्याहून कमी पडले की शांतता. खरखरही नाही. रस्ता चालता चालता अचानक कडा लागावा तसं. तंत्रज्ञही याला डिजिटलचा कडाच म्हणतात.

आता हे रावेरवर ठेवून बघा. मे-जूनमध्ये इथे वादळ येतं. तासाभरात उभी केळी आडवी होते, वर्षाचं पीक जातं. पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात, एकूण ४१ आहेत, आणि नदीकाठच्या गावांना ते आधी कळायला लागतं. अशा वेळी खरखरीतून ऐकलेले पाच शब्दही खूप असतात: "वादळ", "संध्याकाळी", "रावेर", "यावल", "सावध". जुना रेडिओ कडेवरच्या माणसाला हे पाच शब्द देत होता. डिजिटल रेडिओ शंभर शब्द देईल, नाहीतर एकही नाही. म्हणून डिजिटलमध्ये पोच कुठपर्यंत धरायची, ही रेषा कागदावर कोण आणि कुठे ओढतं, हा कडेवरच्या तालुक्याचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

रेषा कशी ओढायची याची एक पद्धत नॉर्वेत बघायला मिळते. देश डोंगराळ, किनारा तुटक, लोक विखुरलेले. त्यांनी २०१७मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं, जगात पहिल्यांदा. पण त्याआधी सार्वजनिक वाहिनीचं डिजिटल जाळं ९९.५ टक्के लोकांपर्यंत नेलं. आधी पोच, मग बंद. तरीही तिथे लोक कुरकुरले, जुने सेट निकामी झाले म्हणून. पण क्रम बरोबर होता.

आपल्याकडे २०२४मध्ये ट्रायने खाजगी केंद्रांच्या डिजिटल रेडिओबद्दल सल्लामसलतीचा कागद काढला. त्यात पहिल्या टप्प्यासाठी १३ मोठी शहरं धरली आहेत. महाराष्ट्रातली तीन: मुंबई, पुणे, नागपूर. व्यवसाय म्हणून ते समजतं, जाहिराती तिथे आहेत. पण १९५६ची पाच जिल्ह्यांची यादी आठवली ना? पुन्हा एकदा नवं काहीतरी सुरू होतंय आणि खानदेश पुढच्या पानावर आहे.

"पण फोनवर लागतं की!"

हो, मला माहीत आहे, तुम्ही हेच म्हणणार. मीसुद्धा फोनवरच ऐकतो, आणि तुम्ही हा भागही फोनवरच ऐकताय. आकाशवाणीच्या ॲपवर दोनशेहून जास्त वाहिन्या आहेत. रावेरला बसून सांगली ऐका, इंफाळ ऐका. दुबईत बसून जळगाव ऐका. जागेचा प्रश्नच संपला.

पण तो रेडिओ नाही, ते इंटरनेट आहे. फरक शांत दिवशी कळत नाही. वादळात खांब पडले, वीज गेली, मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांत उतरली की कळतो. रेडिओचा मनोरा ५५ किलोमीटरवर असतो. तुमच्या गावात अंधार असला तरी तो बोलत राहतो, आणि दोन सेलवर चालणारा सेट ऐकत राहतो. एका मनोऱ्यावर दहा जण ऐकोत की दहा लाख, त्याला फरक पडत नाही. इंटरनेटवर तसं नसतं.

बऱ्याच फोनमध्ये एफएमची सोय चिपमध्येच असते. वायरवाला हेडफोन लावला की ती वायरच अँटेना होते. पण काही कंपन्यांनी ती सोय बंद ठेवली आणि नव्या फोनमधून हेडफोनचं भोकही गेलं. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने फोन कंपन्यांना सूचना काढली की एफएमची सोय बंद करू नका, आपत्तीत ती उपयोगी पडते. तुमच्या फोनमध्ये ती आहे का, आज बघून घ्या. असेल तर घरात एक साधा वायरवाला हेडफोन जपून ठेवा. पन्नास-शंभर रुपयांत गरज भागते.

पिनकोड टाकला की

ब्रिटनमध्ये तुम्ही संकेतस्थळावर तुमचा पोस्टकोड टाकता आणि तुमच्या घरी कोणती डिजिटल स्टेशनं लागतील याची यादी समोर येते. भागवार यादी म्हणजे खरं तर हीच. केंद्र कुठे आहे हे सांगण्याऐवजी तुम्ही कुठे आहात ते आधी विचारते.

मला असं पान आपल्यासाठी हवंय. ४२५५०८ टाकलं, रावेरचा पिनकोड, की कळावं: दिवसा काय लागतं, रात्री काय लागतं, गच्चीवर काय आणि घरात काय. आणि सीमेपलीकडचं बऱ्हाणपूर, इंदूरही त्यात दिसावं, कारण लहरीला राज्य नसतं.

तोवर ही यादी आपण खालून वर बनवू शकतो. या आठवड्यात एक करा. घरात जुना रेडिओ असेल तर सेल घाला, नसेल तर फोनचं एफएम लावा. एकदा दुपारी बारा वाजता आणि एकदा रात्री नऊ वाजता सगळा बँड हळूहळू फिरवा. जे लागेल ते लिहा: आकडा, वेळ, भाषा, गाव आणि आवाज कसा. स्पष्ट, खरखरता, की तुटक. कोणाच्या कारमध्ये डिजिटल रेडिओ असेल तर भुसावळकडून रावेरकडे येताना आवाज कुठे तुटतो ते गाव लिहा, अर्थात गाडी चालवणाऱ्याने नाही, शेजारी बसलेल्याने! आणि "काहीच लागलं नाही" हेसुद्धा नक्की लिहा. तीही नोंदच आहे, किंबहुना सगळ्यात कामाची.

१९५६मध्ये दीडशे गावांनी ऐकलं आणि उलट लिहून पाठवलं, म्हणून त्यांचे प्रश्न केंद्रापर्यंत गेले. आपण त्या यादीत नव्हतो. या वेळी रेषा ओढली जाण्याआधी आपली नोंद तयार असू द्या. तुमचे आकडे नेहमीच्या नंबरवर पाठवा, पुढच्या भागात गाववार वाचून दाखवतो. चोपडा, यावल, मुक्ताईनगर, शिरपूर, साक्री, सगळीकडून येऊ द्या. बऱ्हाणपूरवाल्यांनीही पाठवा, तुम्ही काही परके नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काटा फिरवत राहा.